स्वतंत्र न्यायाधीशांसाठी लाचेचा तक्ता

न्यायाधीशाला पूर्ण स्वातंत्र्य असावे, याबद्दल कोणाचेही दुमत नाही. वाद आहे तो त्याने त्या स्वातंत्र्याचे करायचे काय, एवढाच. हा घोळ मिटावा म्हणून शिक्षा-मार्गदर्शन समितीने अडीच वर्षे बैठका घेऊन (मधल्या सुट्ट्या धरून) लाचेच्या शिक्षेचा तक्ता काढला. बोट ठेवायचे, आडवे जायचे, उभे उतरायचे, हाती लागेल ती शिक्षा सुनावायची. कोणते बोट ठेवावे, यात समितीने अजिबात ढवळाढवळ केलेली नाही.

तक्ता तसा कनवाळू होता. लाच स्वतःच्या हाताने घेतली असेल तर शिक्षा वाढे, कारण त्यात निर्लज्जपणा दिसतो. सासूबाईंच्या नावे फ्लॅट म्हणून घेतली असेल तर घटे, कारण त्यात कुटुंबवत्सलता दिसते. शंभर-दोनशेवाल्याला सवलत नव्हती (एवढ्याशासाठी नियत घालवणारा माणूस मुळातच वाईट). कोटीवाल्याला होती, बिचाऱ्याला मोहच केवढा पडला होता! आरोपीला रक्तदाब असल्यास तीन महिने कमी, वकिलालाही असल्यास आणखी एक.

तिसऱ्या मजल्यावरच्या कोर्टात न्यायाधीशसाहेबांपुढे एक मुख्य अभियंता उभा होता. सासूबाईंना फ्लॅट मिळाल्यावर त्याने इस्पितळाची लिफ्ट सुरक्षित असल्याचा दाखला दिला होता. लिफ्ट पाचव्या मजल्यावरून खाली कोसळली ती लिफ्टमनचा जीव घेऊनच. लिफ्टमनची बायको दोन वर्षे प्रत्येक तारखेला पहिल्या बाकावर येऊन बसे. काही मागत नसे, काही बोलत नसे. साहेबांना तिच्याकडे बघवत नसे.

गुन्हा सिद्ध झाला. साहेबांनी तक्त्यावर बोट ठेवले. आडवे गेले, उभे उतरले. उत्तर आले: चार महिने, तेही घरी बसून. त्यांनी डाव्या हाताचे बोट लावून पाहिले. तरी चारच.

"बाई, कायद्यात सात वर्षांपर्यंत आहे ना हो?" त्यांनी स्टेनोबाईंना हळूच विचारले.

"आहे की साहेब. कायद्यात पुष्कळ काय काय आहे." स्टेनोबाईंची सेवा सव्वीस वर्षे, हे त्यांचे सातवे साहेब. "पण तक्ता सोडला तर कारणांचा अहवाल पाठवावा लागतो, चौदा प्रतींत. आधीच्या साहेबांनी पाठवला होता. ते हल्ली लांब कुठेतरी मोकाट कुत्र्यांचे दावे ऐकतात."

मुलीचे शाळेचे शेवटचे वर्ष, नुकताच लावलेला घराचा रंग, सगळे साहेबांच्या डोळ्यांपुढून गेले. मग नको तेच झाले. त्यांची नजर पहिल्या बाकावर गेली.

"घ्या लिहून. पाच वर्षं, सक्तमजुरी."

लिफ्टमनची बायको दोन वर्षांत पहिल्यांदाच मोठ्याने रडली. त्या दिवशी साहेब जेवले पोटभर आणि झोपलेही गाढ.

समितीचे पत्र नवव्या दिवशी आले. 'गतवर्षी एकोणनव्वद टक्के न्यायाधीश स्वतःच्या मर्जीने तक्त्याशी सहमत झाले. आपण झाला नाहीत. आपल्या स्वातंत्र्याबद्दल समितीस नितांत आदर असून ते अधिक मोकळ्या हवेत बहरावे, यासाठी आपली बदली करण्यात येत आहे. आठ दिवसांत हजर व्हावे.'

घरात खोकी बांधायला सुरुवात झाली आणि मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गाडे अडले. शाळा म्हणाली, तीन आठवडे लागतील. नव्या गावातले प्रवेश सोमवारी बंद होणार होते. वर्ष फुकट जाणार, म्हणून मुलीने जेवण सोडले.

"ओळख सांगायची नाही, एक पैसा द्यायचा नाही," साहेबांनी बजावले. "नियमाने मिळेल तेव्हा मिळेल."

दुसऱ्या दिवशी दाखला टेबलावर होता. सही, शिक्का, सगळे जागच्या जागी.

"हा कसा मिळाला?"

"मिळाला," खोक्याला दोरी आवळत बायको म्हणाली. "लेखनिकाला दिलं थोडं चहापाण्याला."

साहेबांनी खुर्ची ओढली आणि बसून तिच्याकडे बघितले.

"अहो, असं काय बघताय? पोरीचं वर्ष घालवू? करा मला कोर्टात उभी. त्याला पाच वर्षं दिलीत ना, मला किती देता बोला!"

खुर्चीतल्या खुर्चीत साहेबांनी खटला चालवला. पहिलाच गुन्हा. आईची निकड. रक्कम किरकोळ. कोणाचा जीव गेलेला नाही. आणि अडवून धरले होते ते लेखनिकाने. पाच मिनिटांत निकाल लागला: निर्दोष. कोणाचाही दबाव नसताना दिलेला इतका स्वतंत्र निकाल त्यांच्या उभ्या कारकिर्दीत दुसरा नव्हता. त्यांनी दाखला घडी न घालता बॅगेत ठेवला आणि बायकोबरोबर दोरी ओढू लागले.

तुम्हीही मान डोलावलीत, दिसलं मला. आईचं काळीज, काय करणार बिचारी, असंच म्हणालात ना? म्हणा, खुशाल म्हणा. एवढंच सांगा, तुमचा मागचा दाखला किती दिवसांत मिळाला होता?