रहांगडालेकाकांचं अजून ठरत नाही

आमच्या गल्लीत भाजी घेऊन येणाऱ्या बाईलासुद्धा व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय ते माहीत आहे. टोपली उतरवता उतरवता ती मला विचारते, "क्यों दीदी, काका का मशीन बैठा क्या?" मी नाही म्हणते. ती "अरेरे" म्हणते आणि वांगी तोलायला लागते.

हे ज्ञान आम्हाला फुकट मिळालंय आणि नको असताना मिळालंय. समोरच्या घरातले रहांगडालेकाका रोज सकाळी ओसरीत कॉम्प्युटर लावून बसतात आणि त्याच्या पोटात काय चाललंय ते काकूंना समजावून सांगतात. काकूंना ऐकू येत नाही, म्हणून काका ओरडून सांगतात. काकूंना तरीही ऐकू येत नाही. त्या काकांच्या तोंडाकडे बघून जमेल तेवढं समजून घेतात. ऐकू येतं ते आम्हाला. कुडव्यातली आमची गल्ली एवढी अरुंद आहे की समोरच्या फोडणीनं इकडे ठसका लागतो, मग काकांच्या आवाजाचं काय सांगायचं!

काका टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर कोणी देवाला लागतं, कोणी राजकारणाला. काका लिनक्सला लागले. त्यांच्या घरात कॉम्प्युटर चालतो तो फुकटच्या, कोणा कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या लिनक्सवर; विंडोजला मज्जाव आहे. "घर आपलं आन चाबी दुसऱ्याच्या कमरेले, हे मले जमत नाई," असं ते म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला पटेपर्यंत म्हणतात. एका वर्षी त्यांनी गणेश मंडळाच्या कॉम्प्युटरलाही ही दीक्षा दिली. त्यानंतर पोरांना प्रिंटर कुठं गेला तेच सापडेना. वर्गणीच्या सगळ्या पावत्या हातानं लिहाव्या लागल्या. पोरं भांडायला आली तर काका शांतपणे म्हणाले, "चांगलंच झालं ना बे! अक्षर सुधरते."

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण काकूंच्या कानातलं यंत्र बिघडलं आणि माझं हसू आटलं.

बिघडलं म्हणजे बंद पडलं नाही. त्यातला आवाज काकूंना पुरेनासा झाला. तो वाढवायचा तर यंत्र केबलनं कॉम्प्युटरला जोडून एका सॉफ्टवेअरमधून नव्यानं लावून द्यावं लागतं. ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. दुसरा कोणी असता तर घटकाभर विंडोजचा कॉम्प्युटर मागून आणला असता. काकांनी कुठून तरी केबल मिळवली आणि जाहीर केलं, की विंडोज घरात येईल, पण व्हर्च्युअल मशीन नावाच्या, लिनक्सच्या पोटातल्या नकली कॉम्प्युटरमध्ये येईल. म्हणजे काय, ते त्यांनी काकूंना, म्हणजे आम्हाला, सांगितलं. "पाहुन्याले ओसरीत एक खोली बांधून द्याची. त्याची चूल वेगळी, न्हानी वेगळी. तो समजते का हे आपलंच घर आहे. आपन त्याले समजू द्याचं!"

ही खोली बांधून देणारी सॉफ्टवेअरं बरीच असतात, आणि इथूनच आमच्या हालांना सुरुवात झाली. काकांचे वडील शंकरपटात शर्यतीचे बैल पळवायचे. त्यामुळे काकांनी सॉफ्टवेअरंही बैलजोडी निवडावी तशी बघायला घेतली. नावंही बैलांचीच दिली. लाल्या दिसायला देखणा, पण लिनक्सची नवी आवृत्ती आली की अडून बसायचा. ढवळ्या वेगवान, पण केबल खोलीपर्यंत पोचू द्यायचा नाही. मुक्याला तर पडदाच नव्हता. सगळे हुकूम टाईप करून द्यायचे आणि त्यानं ते ऐकले की नाही याची वाट बघत बसायचं.

"आज लाल्याले काढून टाकलो!" एका सकाळी आरोळी यायची. चार दिवसांनी, "लाल्याले परत आनलो! त्याचा दोष नव्हता!" मग मुक्या. मग ढवळ्याची नवी आवृत्ती. मग जगातल्या कुठल्याशा गड्यानं इंटरनेटवर लिहिलेला उपाय. मग तो उपाय लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. मी बँकेत कॅशला बसते. दिवसभर माणसं माझ्याशी काचेपलीकडून ओरडत असतात. घरून निघतानाच कान किटलेले असले की मग कसली नोकरी करायची?

आणि काकू? काकू हसून मान हलवायच्या. ज्या बाईला घरात बसून नुसत्या आवाजावरून गल्लीत कोणाची गाडी शिरली ते कळायचं, तिला आता कुकरची शिट्टी कळत नव्हती. डाळ करपल्याचा वास आमच्या घरी आधी यायचा. मग मी धावत जाऊन गॅस बंद करायची. "कधी होईल म्हनते?" काकू मला विचारायच्या. मी काकांकडे बोट दाखवायची. काका ओरडायचे, "याच आठवड्यात!"

मी त्यांना किती वेळा म्हटलं, की काका, नागपूर काही परदेशात नाही. सकाळच्या गाडीनं जा, दुकानात यंत्र लावून घ्या, संध्याकाळी परत या.

"त्यायच्या हातानं कायले? केबल माह्याजवळ आहे ना!"

एका माणसाच्या हट्टापायी एक बाई बहिरी होऊन बसली आहे, असं मला वाटायचं. ते मी चार जणांत बोलूनही दाखवायची.

मागच्या आठवड्यात काकू दळण घेऊन येत होत्या. मागून ट्रॅक्टर. तो हॉर्नवर हॉर्न देतोय आणि काकू रस्त्याच्या मधून आरामात चालल्या आहेत. शेवटी त्यानं अगदी पाठीशी येऊन ब्रेक मारला आणि घाण शिव्या दिल्या. काकूंनी वळून बघितलं. माणूस काहीतरी बोलतोय म्हणून त्याला हसून नमस्कार केला. मी हे माझ्या दारातून बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. घरात गेले, माझा विंडोजचा लॅपटॉप उचलला आणि काकांच्या ओसरीत जाऊन त्यांच्या पुढ्यात आपटलाच.

"केबल द्या," म्हटलं. "तुमचे बैल राहू द्या गोठ्यात. आत्ताच्या आत्ता काकूंचं यंत्र लावायचं."

मला वाटलं, आता गल्ली दणाणणार. पण काका उठले, आत स्वयंपाकघराकडे एकदा बघून घेतलं आणि मला फाटकापाशी घेऊन आले. तिथं ते हळू बोलले. इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकलाच नव्हता.

"मुक्या चालते," ते म्हणाले. "दिवाळीपासूनच चालून राहिला. केबल पकडते, सॉफ्टवेअर उघडते, सगळं होते."

"मग?"

"मग काय! लावून देलो तिले. आवाज पुरा वाढवलो, जेवढा जाते तेवढा. आन मांगून आवाज देलो. ती कणिक मळत होती, मळतच राहिली." काकांनी फाटकाची कडी उगाच वर-खाली केली. "नागपूरच्या लग्नाले म्हनून गेलो होतो ना आमी? लग्न नव्हतं. डॉक्टरकडे गेलतो. तो म्हने, मशीनचा दोष नाई, कानाची नसच गेली. आता कितीबी आवाज वाढवा. ऑपरेशनचं बी विचारलो. तिची शुगर, तिचं हृदय, नाई म्हने. तिच्यासमोरच बोलला तो, रिपोर्टात मान घालून. तिनं मले विचारलं, काय म्हनते? मी म्हनलो, सेटिंग बाकी आहे म्हनते."

"तरी रोज ओरडता?" एवढंच मी विचारलं.

"तिले आवाज येत नाई, पन ती माह्या गळ्याच्या शिरा पाहते. हळू बोललो का तिले समजते, यायनं आशा सोडली. मंग ती जेवत नाई." त्यांनी पुन्हा एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं. "सॉफ्टवेअर ठरत नाई तवापर्यंत तिले वाटते, ऐकू येनार आहे. मी कायले ठरवू, सांग बरं?"

त्या माणसाविषयी मी काय काय बोलले होते! मला रडू आलं आणि ते दिसू नये म्हणून मी लॅपटॉपच्या पिशवीशी खटपट करत उभी राहिले.

तेवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी पिशवी बघितली, मला बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "सुषमा, तुह्यात होते का वो?"

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते फाटकाच्या कडीकडे बघत होते.

"नाही, काकू!" मी ओरडले. पुरेसं झालं नाही असं वाटलं, म्हणून घसा ताणून आणखी मोठ्यानं ओरडले. "माझ्यात पण नाही होत! केबलच पकडत नाही!"

काकू क्षणभर माझ्या गळ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली आणि काकांच्या पाठीवर हात ठेवला. "पाहा, तिच्यातबी नाई होत. तुमी उगीच स्वतःले बोल लावून राहिले."

बोलता बोलता त्यांनी कानामागचं यंत्र काढलं, पदरानं पुसलं आणि पुन्हा नीट बसवलं. ज्यातून काही ऐकू येत नाही ते यंत्र त्या दिवसभर का घालतात, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. त्यांनी आपणहूनच सांगितलं.

"यायचं कधी जमून जाईल, भरोसा नाई," त्या म्हणाल्या. "अचानक सुरू झालं आन कानात नसलं तं?"

त्या पोळ्या करायला आत गेल्या. काका कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. त्या दिवशी ओरडायला त्यांना जरा वेळ लागला.