अंगठी फिरली पाहिजे

एस्तेरमावशी कोणालाही भेटली की आधी त्याचा हात हातात घेई. समोरच्याला वाटे, काय प्रेमळ बाई आहे. प्रत्यक्षात ती त्याची अंगठी फिरवून पाहत असे. अंगठी बोटात सहज फिरली की मावशीचा चेहरा निवळे आणि मग ती ‘कसे आहात’ म्हणून विचारी. नाही फिरली, तर तब्येत, मुलंबाळं, ऊनपाऊस सगळं बाजूला राही आणि मावशी पर्स उघडत असे.

त्या पर्समध्ये साबणाची वडी, खोबरेल तेलाची छोटी बाटली, एक बोथट सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ असे. घराची किल्ली ती अनेकदा विसरली, पण रीळ कधी विसरली नाही.

माझ्या आईची ही थोरली बहीण. नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती आणि मागच्याच क्वार्टरमध्ये एकटी राहायची. ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या अंगावरचे दागिने काढून ठेवणं हे तिचं काम. वीस-बावीस वर्षांत तिनं इतकी बोटं पाहिली होती की माणसं तिच्या लक्षात चेहऱ्यानं राहतच नसत. सीताबर्डीवर कोणी नमस्कार केला की ती आधी त्याच्या हाताकडे पाही आणि मग ओळखीचं हसे. जगातल्या अंगठ्यांचे तिनं तीन वर्ग पाडले होते: फिरती, अडेल आणि रुतलेली. माणसांचे असे वर्ग पाडायला तिला वेळ झाला नाही.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "माणूस बिमार पडला का फुगते. सोनं फुगत नाही." आमच्या नागपूरकडच्या बायकांसारखी ती ‘मी येतो, मी करतो’ असं बोले, आणि तिच्या तोंडी ते जरा जास्तच शोभे.

रविवारची उपासना संपली की आमचे पाळकसाहेब चर्चच्या दारात उभे राहून सगळ्यांशी हस्तांदोलन करत. मावशीची पाळी आली की ते डावा हात झग्यात लपवत. कारण एका रविवारी तिनं सगळ्या मंडळीला मागे ताटकळत ठेवून त्यांची अंगठी तिथंच, दारात, साबण लावून काढली होती. वर सांगितलं होतं की उपदेश चांगला झाला, पण बोटाकडे लक्ष द्या. शेजारच्या एका बँक मॅनेजरांनी ज्योतिष्याच्या सांगण्यावरून नीलम घातला होता. तो काढला तर काय काय होईल, ते त्यांनी तिला सविस्तर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, त्यांना नळाशी नेलं, नीलम काढून त्यांच्या खिशात ठेवला आणि म्हणाली की आता तो खिशातून काम करेल.

माझं लग्न ठरलं ती सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी शाळेत शिकवत होते. विजय वीज मंडळात होता, त्याचं घर सावनेरला. एंगेजमेंटला त्यानं मला माणकाची अंगठी घातली. लहानसा लाल खडा, चार टोकांच्या कोंदणात बसवलेला. फार देखणी होती. मावशीनं ती समारंभातच दोनदा फिरवून पाहिली आणि पास केली.

आता लग्नात पाळकसाहेबांसमोर घालायची साधी सोन्याची अंगठी घ्यायची होती, आणि ती या अंगठीशेजारी त्याच बोटात बसायला हवी होती. हे काम मावशीनं कोणी न सांगता स्वतःकडे घेतलं. दुकानात जाऊन एकदा माप देणं तिला मान्यच नव्हतं. तिचं म्हणणं, बोट सकाळी वेगळं असतं, संध्याकाळी वेगळं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तर त्याचा काही नेमच नाही. म्हणून तिनं दवाखान्यातून तापाचा तक्ता आणला आणि आमच्या स्वयंपाकघरात टांगला. सकाळी सहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सात वाजता माझ्या बोटाला दोरा गुंडाळायचा, पट्टीवर मोजायचा आणि तक्त्यावर टिंब द्यायचं. लोणचं खाल्लं तर बाजूला तशी नोंद. आठ दिवसांत तक्त्यावर टेकड्या उठल्या. घरी आलेला प्रत्येक पाहुणा आईला हळूच विचारी की मुलीला टायफॉइड तर नाही.

एप्रिलमधल्या एका शनिवारी आम्ही चौघं इतवारीतल्या सराफ्यात गेलो. मी, विजय, मावशी आणि विजयची आई सुशीलाबाई. सुशीलाबाई नऊ वर्षांपूर्वी विधवा झालेल्या. बोलायला कमी, पण जे बोलतील ते पक्कं. लग्नाची अंगठी मुलाकडच्यांनी घ्यायची ही आमच्याकडची रीत, त्यामुळं त्या दिवशीचा मान त्यांचा होता. हे मावशीला ठाऊक होतं, पण तिच्या बगलेत तापाचा तक्ता होता.

रामभाऊजी सराफ वयस्क आणि शांत गृहस्थ. त्यांनी तक्ता चष्म्याच्या वरून पाहिला, चष्म्यातून पाहिला आणि आदरानं परत केला. मग मखमलीच्या खोक्यातल्या अंगठ्या समोर मांडल्या. एकेक घालून पाहिली तेव्हा अडचण कळली. माझ्या माणकाचं कोंदण खाली बसकं होतं आणि बाजूला थोडं बाहेर आलेलं. सरळ पट्टीची अंगठी शेजारी घातली की ती कोंदणावर चढे आणि वाकडी उभी राही.

सुशीलाबाईंनी नाजूक पानांची नक्षी असलेली एक अंगठी उचलली आणि म्हणाल्या की लग्न लागल्यावर दोन्ही अंगठ्या डाग देऊन जोडून टाकू. सुट्ट्या राहिल्या तर एकमेकींना घासतील, कोंदणाची टोकं झिजतील आणि एक दिवस खडा पडेल. बोलणं अगदी रास्त होतं. रामभाऊजींनीही मान हलवली.

मावशीनं मात्र डोळे मिटले. दोन अंगठ्या जोडल्या की त्यांची एक रुंद पट्टी होते, आणि रुंद पट्टी पेरावरून उतरत नाही, असं ती समजावू लागली. समजावता समजावता तिनं पाहिलेल्या बोटांची उदाहरणं सुरू झाली. कुठलं बोट काळं पडलं, कुठलं कसं वाचलं. शेजारी नथ बघत बसलेलं एक कुटुंब उठून गेलं. विजय खोक्यातल्या अंगठ्या मोजू लागला. सुशीलाबाईंचा चेहरा हळूहळू घट्ट होत गेला. शेवटी त्या म्हणाल्या की सून आमच्या घरी येणार, अंगठी आमच्याकडची, आणि तुम्ही माझ्या पोराच्या लग्नाच्या गोष्टीत दवाखाना आणून राहिल्या. हे होणार नसेल तर आपण घरी बसून पुन्हा सगळाच विचार करू.

‘सगळाच’ या शब्दावर मी माझी माणकाची अंगठी मुठीत झाकली. विजय त्यांना थांबवायला अर्धवट उठला. सुशीलाबाई पायरीकडे वळल्या, आणि तोल सावरायला त्यांनी डावा हात पदराबाहेर काढून काउंटरवर टेकला.

मावशीनं तो हात पाहिला.

मीही पाहिलं. त्यांची लग्नाची अंगठी बोटात इतकी रुतली होती की दोन्हीकडून मांस वर आलं होतं आणि मधे सोन्याची नुसती रेघ दिसत होती. बोटाचं टोक जांभळट होतं.

"बसा," मावशी म्हणाली. हा तिचा थिएटरमधला आवाज असावा, कारण सुशीलाबाई बसल्या. रामभाऊजीही बसले.

मावशीनं विचारत विचारत सगळं काढून घेतलं. मागच्या वर्षी हात भाजला होता, तेव्हा सूज आली, ती पुरती उतरलीच नाही. आता ठणकतं. विजयला सांगितलं नव्हतं. एका डॉक्टरांनी अंगठी कापून काढू म्हटलं, तर त्या औषध न घेताच घरी आल्या होत्या.

"काहून पण?" मावशीनं विचारलं.

सुशीलाबाईंनी रुतलेल्या अंगठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "त्यांनी घातली होती. मी काढली तं परत कोण घालन?"

एस्तेरमावशीनं पर्स उघडली, रीळ काढलं, परत ठेवलं, परत काढलं.

"मी घालून देतो," ती म्हणाली.

रामभाऊजींनी कात्री पुढं केली, तशी मावशीनं ती न बघताच मागे सारली. कापायची नाही, असं तिनं सांगितलं. आधी तिनं सुशीलाबाईंना हात सरळ वर धरायला लावला, सूज थोडी उतरावी म्हणून. माझी होणारी सासू पंधरा मिनिटं भर सराफ्यात, शाळेत प्रश्न विचारायला हात वर करावा तशी बसून होती, आणि आल्यागेल्या गिऱ्हाइकाला मावशी नजरेनंच पुढं घालवत होती. मग गार पाणी, साबण, तेल. मग सुईनं दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून ओढून तिनं उरलेला दोरा पेराच्या पुढपर्यंत बोटावर घट्ट गुंडाळला, आणि खालचं टोक धरून एकेक वेढा सोडवायला सुरुवात केली. अंगठी दोऱ्यावरून केसाकेसानं पुढं सरकली. सुशीलाबाईंनी डोळे मिटले होते, ओठ हलत होते. पेरावर एकदा अडली. मावशी पुटपुटली, "ये माय, ये." आणि अंगठी तिच्या तळहातावर आली.

रामभाऊजींनी ती पाहिली. सांधा न पाडता, तापवून सळईवर ठोकून वाढवता येईल, पण तासभर लागेल, असं सांगून ते आत घेऊन गेले.

सुशीलाबाईंनी बोटाकडे पाहिलं. अंगठीच्या जागी पांढरी, ओलसर खाच होती. त्या हात पदराखाली घेऊ लागल्या, पण त्याआधीच मावशीनं ते बोट आपल्या मुठीत धरलं. अंगठी असते तिथंच, घट्ट नाही, नुसतं झाकून.

तासभर तिनं ते सोडलं नाही. त्या तासात चहा आला, तो तिनं डाव्या हातानं प्यायला. दोघी आंब्याच्या लोणच्यात मेथी किती घालावी यावर बोलल्या. आमच्या अंगठीचं कामही त्याच तासात झालं. रामभाऊजींच्या कारागिरानं सुचवलं की पट्टीला खड्याजवळ किंचित बाक दिला तर ती कोंदणाला न टेकता शेजारी नीट बसेल. सुशीलाबाई म्हणाल्या की मग जोडायला नको, वेगळीच राहू दे. मावशी म्हणाली की नक्षी मात्र तीच राहू दे, पानांची. मी आणि विजय माना हलवत होतो. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

मधेच सुशीलाबाईंनी तिला विचारलं की तुम्ही सगळ्यांचंच बोट असं धरून बसता का.

"बाया चिरफाडीले भेत नाही," मावशी म्हणाली. "अंगठी काढली का रडतात. मंग डॉक्टर भुलीचं औषध सुंगवतपर्यंत मी बोट धरून राहतो. त्याईले वाटते, आहे अजून."

"अन् तुमी? तुमी काहून नाही घातली कधी?"

"मले कोनी माप नाही इचारलं," मावशी म्हणाली. ताप किती आहे ते सांगावं, तशा आवाजात. आणि लगेच कारागिराला ओरडून सांगितलं की कडा गुळगुळीत कर, टोचायला नको.

अंगठी आली. मावशीनं ती आधी स्वतःच्या गालाला लावून गार झाल्याची खात्री केली, मग सुशीलाबाईंच्या बोटात घातली. पेरावरून ती हलकेच उतरली आणि जागेवर बसली. मावशीनं दोन बोटांनी फिरवली. फिरली. सुशीलाबाईंनी स्वतः फिरवून पाहिली, आणि मग त्या रडल्या. आवाज न करता, पदरही न लावता.

काम झालं होतं. मावशीनं त्यांचा हात सोडायला हवा होता. तिनं सोडला नाही, आणि सुशीलाबाईंनीही तो मागितला नाही. तशाच त्या दोघी दुकानाची पायरी उतरल्या, गर्दीतून वाट काढत नाक्यापर्यंत गेल्या आणि एका सायकलरिक्षात बसल्या. रिक्षावाल्याला मावशीनं धंतोली सांगितलं, म्हणजे स्वतःची क्वार्टर. लग्नाआधी मला आणि विजयला पाच मिनिटंही एकटं सोडायचं नाही, अशी आईनं तिला सकाळी दहादा ताकीद दिली होती. रिक्षा वळली, गर्दीत दिसेनाशी झाली. दोघींपैकी एकीनंही मागे वळून पाहिलं नाही. आम्ही दोघं तिथंच उन्हात उभे राहिलो. मग विजयनं विचारलं, चालत जायचं का, आणि मी हो म्हटलं.