पांढऱ्या सदऱ्याला बंदी

नानांच्या खोलीत पांढरे कपडे चालत नाहीत. आमची सिरसाळ्याची सहकारी संस्था पाण्याच्या पंपांसाठी सोलर पॅनेलं जोडून देते. ती तपासायचं काम नानांचं. आता आमच्याकडे पुढारी म्हटला की कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आलाच. चेअरमन पाहणीला आले, तर नानांनी खिळ्यावरची काळी घोंगडी त्यांच्या अंगावर टाकली. "पांघरा सायेब. तुमच्या सदऱ्याचा उजेड पॅनेलवर पडतोय. कमजोर असलं तरी पास व्हईल." ऐन उन्हाळ्यात चेअरमन घामाने निथळले. मी स्टोअरकीपर, मला शेजारी उभं राहून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खिडक्या झाकलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत मोठ्या दिव्यांची एक पेटी आहे. नाना तिला 'सूर्य' म्हणतात. सकाळी हा सूर्य तापू द्यायचा, मग त्याच्याखाली ताकद माहीत असलेला एक सेल ठेवून उजेड जुळवायचा. या सेलचं नाव 'पंच'. पंचाला विचारल्याशिवाय नाना आभाळातल्या सूर्यावरही विश्वास ठेवत नाहीत. "त्यो काय, ढग आला की बदलतोय."

घोंगडीचं कारण त्यांनी एकदा मान खाली घालून सांगितलं. दुष्काळाचं साल होतं. पंच लावून उजेड जुळवून झाला आणि दिंद्रुडला दिलेल्या थोरल्या बहिणीने, अक्काने, एसटीबरोबर पाठवलेला पांढरा सदरा आला. नानांनी तो तिथेच अंगात घातला आणि ऐटीत वाकून उरलेली पॅनेलं तपासली. सदऱ्याचा उजेड मिळून कमजोर पॅनेलंही पास झाली, आणि गेली नेमकी दिंद्रुडच्या विहिरीवर. विहिरीत पाणी होतं, पण पंप दमायचा. अक्का रांगेतून रिकामी घागर घेऊन परतली.

नानांनी पॅनेलं बदलली, गावासमोर चूक सांगितली. पण तेव्हापासून भाऊबीजेला अक्काच्या दारात गेले नाहीत. "कोणत्या तोंडानं जाऊ?"

यंदाही भाऊबीजेला सुट्टी असून त्यांनी माझ्याकडून किल्ली घेतली आणि सूर्य पेटवला. भर दुपारी अक्का ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी. तिने खिळ्यावरची घोंगडी काढली, अंगावर घेतली आणि म्हणाली, "निरांजन लावू का रं, का त्याचा बी उजेड पडंल?"

नानांना वर बघवेना. एकदा तापलेला सूर्य ते संध्याकाळपर्यंत बंद करत नाहीत. त्यांनी हात लांबवून बटण दाबलं आणि अंधाऱ्या खोलीत तिच्यासमोर खाली फरशीवर बसले.