ठमाकाकीला आलेला फुटवा

पौडच्या पुढच्या एका गावात मी मास्तर म्हणून रुजू झालो, त्या वर्षी शेजारची ठमाकाकी साठ वर्षांची होती. दुसऱ्या वर्षी ती पंचावन्नाची झाली. तिसऱ्या वर्षी मतदारयादीचं काम अंगावर आलं म्हणून मी वही घेऊन तिच्या ओट्यावर बसलो, तर म्हणाली, "लिवा, पंचेचाळीस."

"काकी, तुमची थोरली लेक चाळीस वर्षांची आहे."

"आसंल. ती पयल्यापास्नं थोराडच हाय. लिवा तुमी."

भात कापून नेल्यावर मागं राहिलेल्या बुडख्यांना ओल मिळाली की पुन्हा हिरवे कोंब येतात. त्याला मुळशीत फुटवा म्हणतात. उतारवयात कुणाच्या अंगात तरतरी शिरली, की त्याच्यासाठीही गावाकडं हाच शब्द तयार असायचा. "ठमीला फुटवा आलाय," असं लोक तिच्यादेखत म्हणत. काकीही बिनदिक्कत सांगे, "आलाय तर आलाय! मला काय धाड भरलीया!"

धाड खरोखरच भरली नव्हती. जांभळं पिकली की ती नऊवारीचा कासोटा खोचून सरळ झाडावर चढायची. पोरांच्या हुतुतूत पंच म्हणून उभी राहायची आणि दम सुटला तर स्वतःच धावत जाऊन गडी धरायची. एकदा गावात आलेल्या कासारानं एक हात भरून झाल्यावर "आजी, आता दुसरा हात द्या" म्हटलं. काकीनं भरलेल्या पाच बांगड्या एकेक करून उतरवल्या, त्याच्या पेटीत ठेवल्या आणि म्हणाली, "आजी घरी आसंल तुज्या. तिला भर."

मग तिची नजर माझ्या सायकलीवर गेली.

"शिकवा, मास्तर."

"काकी, पडाल."

"पडले तर जमिनीवरच पडंन न्हवं?"

पंधरा दिवस मी सीट धरून तिच्यामागं पळत होतो. पहिल्यांदा ती दांडीखालून पाय घालून हाप पायडल मारायची. आठवड्यानं थेट सीटवर बसली आणि भर दुपारी पाटलांच्या उकिरड्यात जाऊन घुसली. शेणात बसल्या बसल्या मलाच ओरडली, "ब्रेक कुटं आसतोय, हे आदी सांगाया नगं व्हय?"

सारं गाव हसलं. तिचा धाकटा मुलगा राघू तेवढा हसला नाही. तिशीतला, घुमा, कष्टाळू माणूस. संध्याकाळी तो माझ्याकडे आला.

"मास्तर, तुमी शिकलेली मान्सं. म्हातारीला नादी लावू नगा. लोक मला आयबापावरनं बोलत्यात."

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून सायकलीला कुलूप घातलं. किल्ली कुठं टांगतो ते काकीला ठाऊक होतं.

वैशाखातल्या एका सकाळी सायकलही नाही आणि काकीही नाही. पिठाच्या गिरणीवाल्यानं तिला धरणाकडं जाताना पाहिलं होतं. धरण म्हटल्यावर राघूचा चेहरा उतरला. पाण्याकडं एकटी गेलेली म्हातारी म्हटल्यावर मीही त्याच्याबरोबर सडकेवर धावलो. कोळशाचा एक ट्रक तिकडंच निघाला होता, त्यात आम्ही चढलो. वाटेत राघू फक्त एकदाच बोलला. "दरसाल म्हनायची, मला तितं ने. मी म्हनायचो, तुजं वय झालं आता, न्हाई झेपायचं."

  दर वर्षी वय कमी करून ती कुणाला उत्तर देत होती, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

त्या साली पाणी फार खाली गेलं होतं. काठापासून लांबवर भेगाळलेला गाळ उघडा पडला होता, आणि त्यात घरांची जोती ओळीनं वर आली होती. काठावर माझी सायकल आडवी पडली होती. एका जोत्यापुढं काकी पदर खोचून एका पायावर उड्या मारत होती. काटकीनं तिनं गाळात घरं आखली होती आणि खापरीची ठिकरी सरकवत ती लंगडी घालत होती.

"आये!" राघू खेकसला.

ती थांबली. दम लागला होता तिला. पण भ्याली नाही.

"वरडू नगं. माजं आबा वटीवर निजल्यात." मग हसली. "ही वटी. ही पडवी. तितं आय भाकरी थापायची. धरान झालं आन् समदं पान्यात गेलं. तू झाला न्हवतास तवा." ती माझ्याकडं वळली. "मास्तर, बाया सनाला माहेरी जात्यात. चार दीस पोरी हून ऱ्हात्यात. मी कुटं जायाचं?"

 राघूनं त्या जोत्याकडं बघितलं. मग वाकून त्यानं पायातल्या वहाणा काढल्या.

"दार कंच्या अंगाला व्हतं?" त्यानं विचारलं.

काकीनं बोट दाखवलं. तो वळसा घालून तिकडं गेला आणि उंबऱ्याच्या जागी येऊन थांबला.

"थांब तितंच," काकी म्हणाली. जोत्यावर ठेवलेलं आपलं गाठोडं सोडून तिनं भाकरीचा तुकडा काढला, तिशीतल्या लेकावरून तीनदा ओवाळला आणि लांब पाण्याकडं भिरकावला.

"आता ये आत," ती म्हणाली. "पयल्यांदा आलास आजुळाला."