योडरकाकांची बादली

आमचे शेजारी योडरकाका यांची टपालपेटी उनाड पोरांनी बॅटनं फोडली, की ते पोलिसांना फोन करत नाहीत, पाव भाजायला घेतात. मग तो गरम पाव फोडणाऱ्याच्याच घरी नेऊन देतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी इतके पाव वाटले, की पोरं पावासाठीच पेटी फोडत असावीत, असा माझा संशय आहे.

संशय हा माझा स्वभावच. कुणी फार गोड बोललं की मी आधी खिसा चाचपतो. ब्याऐंशी साली सोलापूर सोडून अमेरिकेत, ओहायोतल्या या डब्लिन गावी आलो, तरी त्यात फरक पडलेला नाही.

काका मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे. घोडागाडीवाले आमिश म्हणजे त्यांचे जणू चुलतभाऊ. हे मोटार चालवतात, पण बंदुकीला शिवत नाहीत. शपथही घेत नाहीत. "माझं हो म्हणजे हो," एवढंच. मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यानं धर्मदीक्षा, घेतला म्हणून त्यांच्या पूर्वजांना युरोपात नदीत बुडवून मारलं, तरी त्यांनी हात उगारला नाही, हे ते मला कुंपणापलीकडून शांतपणे सांगतात. इतका सोशिक माणूस सरळ असेल कसा?

त्यात दर शनिवारी ते बादली आणि टॉवेल घेऊन कुठंतरी जात. एकदा त्यांची गाडी बंद पडली. "मला तुझ्या गाडीतून नेशील?" म्हणाले. हातात बादली! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"हा मला बाटवणार," मी बायकोला म्हणालो.

"अहो, त्या बादलीत तुमचा एक पाय तरी मावेल का?" ती म्हणाली.

काकांनी मला थेट माजी सैनिकांच्या वृद्धाश्रमापाशी थांबवलं. "माझा धाकटा भाऊ असतो इथं," ते म्हणाले. "लढाईवर गेला म्हणून चर्चनं त्याला काढून टाकलं. परत आला, तेव्हा मीही त्याला दारातूनच घालवलं. कुणावर हात न उगारणारा मी!"

खोलीत भाऊ टीव्ही बघत बसला होता. त्यानं मानही वळवली नाही. काकांनी कोमट पाणी आणलं, गुडघे टेकले, त्याचे पाय धुतले आणि बोटांच्या बेचक्यांतून नीट पुसले. त्यांच्या चर्चमध्ये असे एकमेकांचे पाय धुतात म्हणे. मनात काही उरलं नाही याची ती खूण. मग काकांनी स्वतःचे बूट-मोजे काढले आणि समोरच्या खुर्चीत अनवाणी बसले. भाऊ टीव्हीच बघत राहिला.

मला बघवेना. काकांचे पाय धुवायला मीच वाकून टॉवेल उचलला.

"राहू दे," काका हळूच म्हणाले. "पाळी त्याची आहे."

भेटीची वेळ संपली तेव्हा त्यांनी मोजे चढवले आणि भावाला म्हणाले, "शनिवारी येतो."