अकरा मिनिटांचा तानपुरा

"निवेदन माझ्यावर सोड! तुझा अल्बम मी शंभर वेळा ऐकलाय!" असं भय्यासाहेबांनी पुतणीला छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा त्यांनी तो एकदाही ऐकलेला नव्हता.

मधुराचा हा पहिलाच अल्बम. जुन्या काव्यातल्या आठ नायिका आणि एकेकीसाठी एक राग. माधव नगरातल्या हॉलमध्ये प्रकाशन होतं आणि पहिल्या रांगेत अण्णा बसले होते. वसंतातल्या संगीत महोत्सवात कोण गाणार, हे अण्णा ठरवत. मधुराला संध्याकाळ द्यायची की नाही, ते आज ऐकून सांगणार होते. आणि ती स्वतः मात्र इंदूरच्या बसमधून उतरून देवास गेटच्या गर्दीत अडकली होती! तिथूनच तिनं काकांना फोन केला.

"काका, तुम्ही शुरू करा. तुमच्या मोबाइलवर तानपुऱ्याचं चित्र आहे ना, ते दाबा."

"बिलकुल टेन्शन घेऊ नकोस!"

भय्यासाहेबांनी घसा साफ केला. "पहिली नायिका पहाटेपासून प्रियकराची वाट बघते आहे," असं म्हणून त्यांनी चित्र दाबलं. तानपुरा घुमू लागला. वा!

दोन मिनिटं झाली. तानपुराच. चार झाली. तानपुराच! आता आलाप येणार म्हणून भय्यासाहेबांनी दोनदा आगाऊ मान डोलावली, ती फुकट गेली. काही बिघडलंय म्हणावं, तर शंभर वेळा ऐकलेल्या माणसाला ठाऊक नको? आणि बिघडलं नसलं तर? नायिका वाट बघते, म्हणजे गातच नसेल? शास्त्रीय संगीतात काय वाटेल ते असू शकतं!

शेजारून जयूकाकू कुजबुजल्या, "अहो, गाणं कधी लागणार?"

"गप बस. हेच गाणं आहे!"

सातव्या मिनिटाला अण्णांनी डोळे मिटले. नवव्याला रुमाल काढला. "क्या बात है!" ते पुटपुटले. झालं! चाळीसच्या चाळीस माणसं डोलायला लागली. भय्यासाहेबही डोलले, पण पोरीचं नुकसान झालं तर, या धास्तीनं त्यांची नजर सारखी दाराकडे जात होती.

अकराव्या मिनिटाला मधुरा धापा टाकत आली ती थेट टेबलापाशी आणि काकांच्या कानाशी कुजबुजली, "काका, हा तर तुमच्या भजनासाठी मी मोबाइलवर घालून दिलेला तानपुरा! अल्बम त्याच्या बाजूला आहे!" दातओठ खात तिनं शेजारचं चित्र दाबलं. त्या चित्रातही तानपुराच होता. पण या वेळी तिचा षड्ज हॉलभर पसरला.

"आली!" अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "अकरा मिनिटं वाट बघायला लावलीस, बेटा! आजकाल एवढी हिंमत कोणात आहे? महोत्सवाची पहिली संध्याकाळ तुझी, पक्का! फक्त एक शर्त. तिथेही आधी अकरा मिनिटं नुसता तानपुरा हवा. आणि मोबाइलवरचा नको, माणूस बसव."

मधुरानं काकांकडे पाहिलं. त्या बघण्यात माया जरा कमीच होती.

"काकाच बसतील. त्यांनी शंभर वेळा ऐकलंय!"

तेव्हापासून रोज सकाळी भय्यासाहेब तानपुरा घेऊन तोंड मिटून बसण्याचा रियाज करतात आणि समोर जयूकाकू घड्याळ धरून बसतात. न बोलता ते अजून चार मिनिटांच्या पुढे गेलेले नाहीत.