सान तेलेस्फोरोचा द्वारपाल

सान तेलेस्फोरो नगरपालिकेत कोणत्याही अर्जाचं उत्तर यायला सरासरी एकशे चाळीस दिवस लागत, आणि होंडुरासच्या त्या डोंगराळ भागात ही गती प्रशंसनीय मानली जाई. तरीही प्रगती कुणाला चुकली आहे? नगरपालिकेने एक खिडकी योजना आणली.

योजनेचं यंत्र नेरेओ बोग्रान याने उभारलं. संगणक एकच, पण त्यात प्रत्येक खात्याचा कारभार आपापल्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये. प्रत्येकाला स्थानिक सबडोमेन, म्हणजे स्वतःचा पत्ता: खात्याचं नाव, टिंब, गावाचं नाव. आणि सगळ्यांच्या पुढे एक रिव्हर्स प्रॉक्सी. हा द्वारपाल. वैकुंठाच्या दारावरही दोघे लागतात. इथे एकावर भागलं. खिडकीवरचा कारकून अर्जावर पत्ता टाकी, द्वारपाल आपल्या यादीत नाव पाही आणि अर्ज त्या डब्यात सोडी. यादीत नसलेलं नाव आलं, तर तो अर्ज यादीतल्या पहिल्या डब्यात जाई. पहिला डबा दफनभूमी खात्याचा होता. ज्या खात्याच्या लाभार्थ्यांनी आजवर एकही हरकत घेतलेली नाही तिथूनच आरंभ करावा, असा ठराव झाला होता.

मग निवडणूक झाली. नवे नगराध्यक्ष आले, आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी सगळं नव्याने रंगवून घेतलं. पिवळी बाकं नारिंगी झाली, कचऱ्याच्या गाड्या नारिंगी झाल्या. खात्यांची नावंही बदलली. पाणी खातं ‘नव्या पहाटेचं पाणी’ झालं, विवाह खातं ‘नव्या पहाटेचं मीलन’. दफनभूमीला नवी पहाट जोडायला मात्र कुणी धजावलं नाही.

कारकुनाला नवे पत्ते त्याच दिवशी मिळाले. द्वारपालाची यादी जुनीच राहिली, कारण ती बदलण्याचा अधिकार नामांतर समितीला होता आणि समितीची बैठक रंग वाळल्यावर होणार होती. त्यामुळे गावातला प्रत्येक अर्ज मुकाट्याने दफनभूमीत जाऊ लागला.

तिथे डॉन अबुंदियो होते; ‘डॉन’ म्हणजे तिकडचं आदराचं ‘राव’. एकतीस वर्षांच्या सेवेत त्यांनी एकही कागद अनुत्तरित ठेवला नव्हता. नळजोडणी मागणाऱ्याला तासाभरात कळलं: ‘मंजूर. खोली दोन मीटर.’ बाळाच्या जन्माची नोंद करायला आलेल्या बापाला: ‘जागा राखून ठेवली आहे. घाई नाही.’

नेरेओचाही एक अर्ज त्यात होता. शनिवारी त्याचं यादिराशी लग्न ठरलं होतं. यादिरा परिचारिका. सोमवारी तिला किनाऱ्याकडच्या दलदलीतल्या दवाखान्यात दोन वर्षांसाठी रुजू व्हायचं होतं. नोंद झालेल्या जोडप्याला एकत्र घर मिळे. नाहीतर बाई एकटी तिकडे, बुवा एकटा इकडे.

यादिराने उत्तर वाचून दाखवलं. “‘दोघांसाठी शेजारी-शेजारी, आंब्याखाली. मुदत कायम.’ वा, नेरेओ! मागणी घालताना तूसुद्धा एवढं बोलला नव्हतास.”

नेरेओ धावत दफनभूमी खात्यात गेला. “अहो डॉन अबुंदियो, तो लग्नाचा अर्ज होता!”

“दिसलं की मला, लेकरा. म्हणून तर दोन जागा दिल्या.”

“नाही म्हणायचं होतं हो!”

“नाही म्हणायचा फॉर्म माझ्या खात्यात नाही. माझ्याकडे आलेल्याला परत कुठे पाठवू?”

नगराध्यक्ष म्हणाले, “दुरुस्ती हवी? रीतसर अर्ज करा.” नेरेओने केला. तासाभरात द्वारपालालाही जागा मंजूर झाली, भिंतीलगतची.

गुरुवारी नेरेओने कुणालाही न विचारता यादी दुरुस्त केली. सात ओळी, दोन मिनिटं. शुक्रवारी सकाळपासून प्रत्येक अर्ज अचूक आपापल्या खात्यात पोचला आणि तिथे शांतपणे पडून राहिला. मीलन खात्याने कळवलं: चार फोटो, अविवाहित असल्याचा दाखला, तो दाखला खरा असल्याचा दाखला, भेट पंचेचाळीस दिवसांनी.

दुपारी नगरपालिकेपुढे लोक जमले. नळजोडणी मागणारा पुढे होता. “आमचं चालतं ऑफिस कुणी बंद पाडलं?”

“पण दादा, तुम्हाला पाणी कुठे मिळालं होतं?” नेरेओने विचारलं.

“पाणी नसेल मिळालं! उत्तर मिळालं होतं ना? सही होती, शिक्का होता. माझ्या बापाला कधी मिळाला होता?”

नगराध्यक्षांनी नेरेओला आत बोलावलं. “लोकांचं समाधान सत्त्याण्णव टक्क्यांवर गेलं होतं हो. तुम्ही काय केलंत?”

“यादी बरोबर केली, साहेब.”

“मग ती पुन्हा चूक करा.”

नेरेओ दारातच घुटमळला. बाहेर यादिरा उभी होती. ती म्हणाली, “कर रे एकदाचं! शनिवार उद्यावर आलाय.”

त्याने सातही ओळी पुसल्या आणि लग्नाचा अर्ज पुन्हा टाकला. संध्याकाळी डॉन अबुंदियोंचा सुधारित कागद आला: ‘वरील दोघांस एकत्र राहण्याची परवानगी. तिसऱ्या व्यक्तीस हक्क नाही. मुदत कायम.’ शनिवारी पाद्रीबाबांनी तो वेदीवर ठेवला आणि म्हणाले, यापेक्षा सुंदर शब्दांत मला लग्न सांगता आलं नसतं. सोमवारी आरोग्य खात्याच्या बाईंनी शिक्का गोल असल्याचं पाहिलं, शाई वाळल्याचं पाहिलं आणि घराची किल्ली यादिराच्या हातात ठेवली. मजकूर त्यांनी वाचला नाही.

आपण हसलात, हे उत्तम झालं. आता उठा, कपाटातली ती प्लास्टिकची पिशवी काढा; आपला जन्म, आपलं लग्न, आपलं घर, सगळं शिक्क्यानिशी तिच्यात आहे. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत खात्याचं नाव असतं. वाचलंय कधी?